कुणाची कोण

माझ्या आईने १९४६ साली नर्सच्या नोकरीसाठी केलेल्या अर्जाची नक्कल माझ्याकडे आहे. अर्ज इंग्रजीत आहे. पाळकसाहेबांनी सांगितला आणि आईने सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. तिला काम काय येतं, याबद्दल त्यात दीड ओळ आहे. उरलेलं पाऊण पान ती कुणाची कोण, याबद्दल आहे. वडील रेल्वेत, बिऱ्हाड नागपूरच्या सदरमध्ये, बाप्तिस्मा अमुक मंडळीत, रविवारच्या उपासनेला नियमित, स्वभावाने नम्र आणि आज्ञाधारक, उगाच बाहेर फिरण्याची सवय नाही. हे शेवटचं वाक्य वाचून मी लहानपणी हसायचे. बाहेर पडण्याची सवय नसती, तर ही बाई रात्रपाळीला जाणार कशी होती?

मी स्वतः सरकारी दवाखान्यातून परिसेविका म्हणून २०११ साली निवृत्त झाले. गल्लीत मला सिस्टर आंटी म्हणतात. पहिल्या नोकरीचा अर्ज भरायचा असला की सदर, मोहननगर, गड्डीगोदामच्या पोरी फाईल घेऊन माझ्याकडे येतात. आईचा अर्ज, माझा अर्ज आणि आता या पोरींचे अर्ज असे ऐंशी वर्षांचे कागद माझ्या डोळ्यांखालून गेले आहेत. नर्सबद्दल त्या त्या काळाचं काय मत होतं, ते अर्जातल्या रकान्यांवरून जितकं कळतं तितकं भाषणांवरून कळत नाही. भाषणात ती देवी असते. अर्जात तिला विचारतात, लग्न झालंय का?

सदर हा नोकरदारांचाच भाग. भोसल्यांच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट असे. इथे रेसिडेन्सी रोड हे नाव अजून आहे. टाकळीला पलटण होती. साहेब आणि शिपाई आले की त्यांच्यामागे बाजार येतो, आणि बाजारामागे खानसामे, आया, धोबी, माळी. १८५४ मध्ये भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. त्याआधीच, १८५१ मध्ये, ऑल सेंट्सचं चर्च उभं राहिलं होतं. मग बिशप कॉटन शाळा, सेंट जोसेफ कॉन्व्हेंट, सेंट फ्रान्सिस डी सेल्सचं (एसएफएस) कॅथेड्रल. एका मैलाच्या आत इतक्या घंटा वाजायच्या की घरात घड्याळ नसलं तरी चालायचं, असं आजी सांगायची. या वस्तीत मराठी ख्रिस्ती होते, अँग्लो-इंडियन होते, तमिळ होते, मुसलमान होते, आणि बायका घराबाहेर काम करतात याचं इथे कुणाला फारसं नवल नव्हतं. आजी एका इंग्रज कुटुंबात आया होती. आयाची मुलगी नर्स झाली, हा सदरमधला त्या काळचा नेहमीचा रस्ता.

पण आयाला अर्ज करावा लागत नसे. एक मेमसाहेब गावी निघाली की दुसऱ्या मेमसाहेबासाठी चिठ्ठी द्यायची. आयाची सगळी मिळकत ती चिठ्ठी. आजीच्या अशा तीन-चार चिठ्ठ्या होत्या. स्वतःला वाचता येत नव्हत्या, तरी कोणती चिठ्ठी कुणाची ते कागदाच्या रंगावरून ओळखायची. आईच्या अर्जातलं ते पाऊण पान म्हणजे याच चिठ्ठीचं पुढचं रूप, असं मी बरीच वर्षं समजत होते. ते निम्मंच खरं आहे. उरलेलं निम्मं लंडनहून आलं होतं. १८६० साली फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या निधीतून सेंट थॉमस रुग्णालयात नर्सिंगची शाळा निघाली. तिथे प्रवेशाला चारित्र्याचा दाखला लागे, आणि शिकणाऱ्या प्रत्येक मुलीच्या नावे नोंदीचा एक तक्ता असे. त्यात वक्तशीरपणा, शांतपणा, विश्वासूपणा, नीटनेटकेपणा असे रकाने होते. नाइटिंगेलबाईंचं गणित सरळ होतं. तेव्हा इंग्लंडातही दवाखान्यात काम करणारी बाई म्हणजे दारू पिणारी, वाया गेलेली, अशी समजूत होती. ती पुसायची तर आधी चारित्र्य सिद्ध करायचं, काम मागाहून. इंग्लंडात ही अट एका पिढीची गरज असेल. आमच्याकडे मिशनच्या बायकांबरोबर ती जशीच्या तशी आली आणि इथल्या जातीपातीत अशी मुरली की सोवळं कुठे संपतं आणि नाइटिंगेल कुठे सुरू होते, ते सांगणं कठीण.

नागपुरात बायकांच्या दवाखान्यांची सुरुवात दोन बाजूंनी झाली. व्हॉइसरॉयची बायको लेडी डफरिन हिने १८८५ मध्ये हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांकडूनच औषधपाणी मिळावं म्हणून निधी उभा केला. त्यातून गावोगावी डफरिन हॉस्पिटलं झाली. नागपूरचं डफरिन म्हणजे आजचं डागा. दुसरीकडे स्कॉटिश मिशनच्या डॉ. ॲग्नेस हेंडरसन यांनी बायकांसाठी काम सुरू केलं आणि १८९६ मध्ये महाराजबाग रस्त्यावर म्युअर मेमोरियल उभं राहिलं. दवाखाने बांधणं त्या मानाने सोपं होतं, नर्सेस आणायच्या कुठून? बाळंतपण म्हणजे विटाळ, आणि विटाळाचं काम दाईचं. दाईची जात ठरलेली. रक्त, मळ, लघवी, परक्या माणसाचं अंग पुसणं, रात्री घराबाहेर राहणं, यातली एकेक गोष्ट घरंदाज बाईला वर्ज्य. इथे सगळ्या एकत्र. म्हणून पहिल्या पिढीत आल्या त्या तीन प्रकारच्या: अँग्लो-इंडियन मुली, ख्रिस्ती मुली आणि विधवा.

विधवांची कथा पुण्यात सुरू होते. रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने ससून रुग्णालयात मुलींना नर्सिंग शिकायला पाठवायचा घाट घातला, तेव्हा पुण्यात केवढा गहजब झाला ते अनेकांनी लिहून ठेवलं आहे. रमाबाईंनी तो निभावला, कारण त्या न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी होत्या. म्हणजे तिथेही मुलीला प्रवेश मिळाला तो ती कुणाच्या छत्राखाली आली, यावर.

नागपूरच्या कमलाताई होस्पेट यांचं मला कौतुक वाटतं ते याच जागी. बालविधवा. नागपूरला येऊन डफरिनमध्ये परिचारिकेचं शिक्षण घेतलं. त्या काळी सरकारी दवाखान्यांत गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन नर्सेसना एक वागणूक आणि देशी नर्सेसना दुसरी, हे उघड होतं. पगार वेगळा, राहण्याची सोय वेगळी, बोलण्याचा सूर वेगळा. शिक्षण झाल्यावर अशा एखाद्या दवाखान्यात अर्ज करून आयुष्य काढता आलं असतं. त्यांनी वेणूताई नेने यांच्या जोडीने १९२१ साली सीताबर्डीवर भाड्याच्या लहानशा जागेत प्रसूतिगृह काढलं. तेच मातृसेवासंघ. पुढे त्याच्या शाखा विदर्भात आणि बाहेर गेल्या, १९५८ मध्ये समाजकार्याचं महाविद्यालय निघालं, १९६१ मध्ये कमलाताईंना पद्मश्री मिळाली. सत्कारांच्या भाषणांत हे सगळं येतं. एक मात्र कुणी फारसं बोलत नाही. त्यांच्या प्रसूतिगृहात नर्स म्हणून येणाऱ्या बाईची मुलाखत घेणारी बाई स्वतः नर्स होती, आणि विधवा होती. टेबलाच्या पलीकडची खुर्ची बदलली की विचारलं जाणारं बदलतं. माझ्या आईच्या वेळेपर्यंत ख्रिस्ती मुलींसाठी मिशनचा दवाखाना आणि हिंदू घरातल्या मुलींसाठी मातृसेवासंघ अशी वाटणी नागपुरात पडून गेली होती. आई म्हणायची, आपल्याकडे पाळकाचं पत्र लागतं, त्यांच्याकडे ताईंची नजर.

जातीबद्दल आई कधी बोलली नाही. तिच्या अर्जात बाप्तिस्म्याची तारीख आहे, त्याआधी घराणं काय होतं ते नाही. आमच्या मंडळीत ते कुणी विचारायचं नाही, आणि सगळ्यांना ठाऊक असायचं. नागपुरातच जाईबाई चौधरींचं उदाहरण ताजं होतं. अस्पृश्य समाजातली, हमाली करणारी बाई. मिस ग्रेगरी या मिशनच्या बाईंनी तिला हेरलं आणि मिशनच्या शाळेत शिक्षिकेची नोकरी दिली. शिकवणारी कुणाची कोण ते कळल्यावर लोकांनी आपली मुलं काढून घेतली. जाईबाईंची नोकरी सुटली. १९२२ मध्ये त्यांनी चोखामेळ्याच्या नावाने मुलींची स्वतःची शाळा काढली. शाळेत हे झालं, तर दवाखान्यात, जिथे हाताने पाणी पाजायचं असतं, तिथे काय होत असेल? आजाऱ्याला शुद्ध आली की तो आधी नर्सचं आडनाव विचारायचा, हे आईनेच एकदा सांगितलं होतं. 'मी सिस्टर' एवढंच उत्तर ती द्यायची.

अशा वेळी एक गोष्ट फार मोलाची ठरली, आणि ती आली सरकारी राजपत्रातून. मध्यप्रांताचा परिचारिका नोंदणीचा कायदा १९३६ साली झाला. तोवर मिशनच्या मंडळाची परीक्षा मिशनच्या दवाखान्यांत चालायची, बाकी ठिकाणी मेट्रनच्या मर्जीवर. कायदा झाल्यावर नर्सचं नाव पटावर आलं आणि नावापुढे क्रमांक पडला. आईच्या अर्जात तळाशी, जवळजवळ विसरल्यासारखा, तो क्रमांक आहे. पाळकसाहेबांना तो पत्त्याइतकाच महत्त्वाचा वाटला असावा. मला विचाराल तर सगळ्या पानावर तेवढी एकच गोष्ट आईची स्वतःची होती. क्रमांकाला आडनाव नसतं. आईने अर्ज केला त्याच वर्षी, १९४६ मध्ये, देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. तेव्हाच्या हिंदुस्थानात साधारण ७,००० नर्सेस, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. इतकी टंचाई असूनही आईला उगाच फिरत नसल्याचा दाखला द्यावा लागला!

मुलाखतीची तयारी मात्र खऱ्या कामाची होती आणि ती आईने मला इतक्या वेळा सांगितली की आजही मी तिची परीक्षा देऊ शकेन. तेव्हा औषधं ग्रेन, मिनिम, ड्रॅम, औंसात मोजायची. साठ मिनिमचा ड्रॅम, आठ ड्रॅमचा औंस. पाव ग्रेन मॉर्फिया म्हणजे आजचे पंधरा मिलिग्रॅम. यात चूक झाली तर माणूस जायचा, म्हणून आई स्वयंपाक करताना पाढे म्हणावेत तशी ही मापं म्हणत असे. एकास वीसचं कार्बोलिक कशाला, एकास चाळीसचं कशाला. काचेची सिरिंज किती वेळ उकळायची. बोथट झालेली सुई दगडावर कशी घासायची आणि तिची धार कापसावर कशी बघायची, कापसाचा तंतू अडकला तर पुन्हा घासायची. चादरीचा कोपरा पाकिटासारखा कसा दुमडायचा. नखं कापलेली, केस जाळीत, आणि घड्याळ सेकंदकाट्याचं, कारण मेट्रन स्वतःचा हात पुढे करून नाडी मोजायला सांगते. घरात असं घड्याळ नव्हतं. गल्लीतल्या एका अँग्लो-इंडियन नर्सने आपलं दिलं. छातीवर उलटं टाचायचं घड्याळ. मेट्रनने घड्याळ ओळखलं, कारण ते तिच्याच जुन्या सहकारिणीचं होतं, आणि मुलाखत तिथेच संपली. आई हा किस्सा हसत सांगायची. मला मात्र ते खटकायचं. नाडी मोजायला लावलीच नाही ना!

आईचं लग्न १९५१ मध्ये झालं आणि नोकरी गेली. कुणी काढलं नाही, लग्न म्हणजे राजीनामा असं तिनेच धरलं होतं, सगळ्याच धरत. नर्सेसच्या वसतिगृहात लग्न झालेलीला जागा नसे. पुढे दवाखान्याला माणसं कमी पडली तेव्हा तिलाच निरोप पाठवून बोलावून घेतलं, या वेळी अर्जही मागितला नाही.

तोवर नागपूरच बदलत होतं. १९४७ मध्ये मेडिकल कॉलेज निघालं. त्याच वर्षाच्या शेवटी दिल्लीत इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, म्हणजे मद्रासची नर्स आणि नागपूरची नर्स एकाच मापाने शिकावी असं ठरलं. १९५६ मध्ये नागपूरची राजधानी गेली, विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. राजधानी गेल्याचं दुःख पुढाऱ्यांनी भरपूर मांडलं. आमचं दुःख साधं होतं, ते कुणी मांडलं नाही. मध्यप्रांताच्या पटावरच्या नर्सेस आता कुठल्या पटावर? १९६६च्या महाराष्ट्र परिचारिका कायद्याने जुने वेगवेगळे कायदे एका ठिकाणी आणले आणि नोंदणी मुंबईच्या कौन्सिलकडे गेली. तेव्हापासून नागपूरच्या मुलीचा नंबर मुंबईहून रजिस्टर पोस्टाने येऊ लागला. आला नाही तर मुंबईला जाणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला गाठायचं. हा ओळखीचा माणूस म्हणजे पाळकाच्या पत्राचा नवा अवतार. कौन्सिलच्या कारकुनाला त्याचं नाव सांगितलं की कागद हलायचा, निदान आमची तशी समजूत होती.

माझं शिक्षण १९७१ ते ७५. साडेतीन वर्षांचा जीएनएम, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, शेवटी प्रसूतिशास्त्र. तोपर्यंत ग्रेन आणि ड्रॅम गेले, मिलिलिटर आला. ॲपगार बाईंनी १९५२ साली काढलेले गुण आम्ही पाठ करत होतो: बाळ जन्मल्यावर पहिल्या मिनिटाला रंग, नाडी, प्रतिसाद, हालचाल, श्वास, प्रत्येकी शून्य, एक किंवा दोन. आईला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, हे तर आम्ही बघतच होतो, नुसते मार्क देत नव्हतो. मी तेव्हा तिच्याशी वाद घातला होता, मार्क दिल्याशिवाय दुसऱ्या पाळीच्या नर्सला सांगणार काय? या वादात मी बरोबर होते, असं मला आजही वाटतं.

माझ्या अर्जाची तयारी म्हणजे सेवायोजन कार्यालयाचं कार्ड. कार्ड जिवंत ठेवायचं, मुदतीत नूतनीकरण करायचं, नाहीतर नंबर मागे. जागा निघाली की तिकडून नावं जात आणि मग मुलाखतीचं बोलावणं. झेरॉक्स तेव्हा सगळीकडे नव्हतं. सिव्हिल लाइन्समध्ये कचेऱ्यांबाहेर टायपिस्ट बसायचे, त्यांच्याकडून गुणपत्रिकेची खरी नक्कल टाइप करून घ्यायची आणि ती गॅझेटेड ऑफिसरकडे सहीला न्यायची. माझ्या गुणपत्रिकेवर बोर्डाची सही होती, शिक्का होता, तरी ती खरी आहे हे सांगायला ज्याने मला कधी पाहिलं नाही अशा एका साहेबाची सही लागायची. शिवाय दोन प्रतिष्ठित गृहस्थांचे चारित्र्याचे दाखले. बायकांमधल्या प्रतिष्ठित व्यक्ती चालत की नाही ते छापलेलं नव्हतं, पण मी मेट्रनबाईंचा दाखला नेला तेव्हा कारकुनाने तो खाली ठेवला आणि दुसरा आहे का विचारलं. मी सदरच्या एका डॉक्टरांचा काढून दिला. त्या डॉक्टरांनी मला काम करताना कधी पाहिलं नव्हतं.

मुलाखतीत तिघे पुरुष आणि एक बाई. पहिला प्रश्न लग्नाचा. झालं का, ठरलं का, झाल्यावर नवरा रात्रपाळीला पाठवेल का. माझ्यानंतर एक मुलगा होता, तेव्हा ब्रदर फार थोडे. बाहेर आल्यावर त्याला मी विचारलं. त्याला शॉक म्हणजे काय आणि रक्तस्राव कसा थांबवायचा, हे विचारलं होतं. उत्तर त्याला येत नव्हतं, मला येत होतं. नोकरी दोघांनाही लागली, म्हणून तक्रार करायला जागा राहिली नाही. या लग्नाच्या रकान्याचा हिशोब देशाच्या पातळीवर लागायला २०२४ उजाडलं. लष्कराच्या परिचर्या सेवेतल्या एका अधिकारी बाईंना लग्न केलं म्हणून १९८८ साली सेवेतून कमी केलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवला आणि त्यांना ६० लाख रुपये द्यायला सांगितले. बातमी वाचली तेव्हा मी आईच्या १९५१चा विचार केला, अर्थात तिला कुणी लेखी काढलंच नव्हतं, तर दावा कशावर करणार?

माझ्या बरोबरची एक मैत्रीण नागपुरातल्याच इंदोऱ्याची. तिच्या घरच्यांनी १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा घेतलेली. तिच्यामुळे मला अर्जातल्या जातीच्या रकान्याची दुसरी बाजू कळली. आईच्या पिढीत जात लपवायची, नाहीतर नोकरी जायची. हिच्या पिढीत ती दाखल्यासकट लिहायची, कारण आता ती हक्क सांगत होती. पण त्यातही एक मेख होती. महाराष्ट्र सरकारने नवबौद्धांना सवलती चालू ठेवल्या होत्या, केंद्र सरकारने नाही. म्हणून राज्याच्या दवाखान्याच्या अर्जात तिला राखीव जागा आणि रेल्वेच्या दवाखान्याच्या अर्जात तीच मुलगी, तेच आईबाप, खुली. केंद्राने हे दुरुस्त केलं १९९० मध्ये, तोवर आम्ही दोघी सिनियर झालो होतो. आमच्यासारख्या धर्मांतरित ख्रिस्ती घरांना अनुसूचित जातीचा रकाना आजही लागू नाही. त्यावर वाद आहे, कोर्टकचेऱ्या आहेत, त्यात मी इथे शिरत नाही.

आता ज्या पोरी येतात त्यांना चारित्र्याचा दाखला कुणी फारसा मागत नाही. साक्षांकनही गेलं, स्वतःची सही चालते. मोबाईलवर अर्ज, मोबाईलवर प्रवेशपत्र. २०२३ मध्ये राज्याच्या वैद्यकीय शिक्षण संचालनालयाने अधिपरिचारिकांची भरती संगणकावरच्या परीक्षेने केली. एम्सची नॉरसेट परीक्षा देशभर एकच, आणि मिहानमधलं नागपूरचं एम्सही तिच्यातूनच माणसं घेतं. परीक्षा घेणाऱ्या यंत्राला मुलगी सदरची आहे की दिल्लीची, लग्न झालेली की न झालेली, काही देणंघेणं नाही. मला हे मनापासून आवडतं. संगणकाने माणुसकी गेली वगैरे जे म्हणतात त्यांनी माझ्या मुलाखतीला बसून बघायला हवं होतं. पाचशे मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचं, सेट वीस थेंबांचा, तर मिनिटाला थेंब किती? एकवीस. हे आलं की आलं, नाही आलं की नाही आलं.

अडचण वेगळ्याच जागी उभी आहे. एम्सच्या अटीप्रमाणे बीएस्सी झालेली मुलगी नोंदणी झाली की थेट अर्ज करू शकते, जीएनएम झालेलीला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. आमच्या गल्लीतल्या बहुतेक जीएनएम. बीएस्सीची फी झेपत नाही. गेल्या वर्षी एकजण चिडून म्हणाली, "आंटी, सगळेच अनुभव मागते, मंग पहिला अनुभव आनू कुठून?" तो आणावा लागतो खासगी दवाखान्यातून, आणि तिथल्या अर्जाची तयारी कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत. काही ठिकाणी मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतात. काही ठिकाणी दोन वर्षं सोडून जाणार नाही असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतात आणि आधी गेलीस तर पैसे भर म्हणतात. काही ठिकाणी वीस खाटा असतात आणि अनुभवपत्रावर पन्नास लिहून देऊ असं सांगतात, तेही पगारात कपात धरून. मी पोरींना सांगते, मूळ कागद कुणाच्याही कपाटात ठेवायचा नाही, बघा आणि परत द्या म्हणायचं. अनुभवपत्रावर खाटांची खरी संख्या, विभागाचं नाव आणि तारखा लिहून घ्यायच्या, नोकरी सोडताना नाही, धरतानाच त्याबद्दल बोलायचं. आणि पगाराचं विचारायला लाजायचं नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने नेमलेल्या समितीने २०१६ मध्येच सांगितलं आहे की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी दवाखान्यातही नर्सला महिन्याला २०,००० पेक्षा कमी देऊ नये, आणि दोनशेच्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतकं द्यावं. ती शिफारस आहे, कायदा नाही. तरी आकडा माहीत असलेली मुलगी आणि नसलेली मुलगी यांच्या आवाजात फरक पडतो.

काही पोरी जर्मन शिकतात. राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केल्यापासून क्लासेसचे फलक वाढले आहेत. तिथे पाळकाचं पत्र नाही, जातीचा दाखला नाही, भाषेची पातळी मागतात. आजीच्या चिठ्ठ्या इंग्रजीत होत्या आणि तिला वाचता येत नव्हत्या. या पोरी निदान स्वतःचा करार वाचून सही करतील.

अर्ज आणि मुलाखत यांत सगळे प्रश्न एकाच बाजूने येतात, अशी आमच्या तिन्ही पिढ्यांची समजूत. म्हणून हल्ली मी पोरींकडून एक प्रश्न पाठ करून घेते: रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात? इंडियन नर्सिंग कौन्सिलचं माप आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयात तिघांमागे एक, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक. हे माप माझ्या पूर्ण नोकरीत मी कुठल्याही रात्री पाहिलं नाही, पण माप आहे. एका पोरीने खासगी दवाखान्याच्या मुलाखतीत हा प्रश्न विचारला. समोरचा व्यवस्थापक म्हणाला, असं कुणी विचारत नाही. तिने सांगितलं, म्हणूनच विचारतेय. त्याने कागद बघून वीस-बावीस असं उत्तर दिलं, आणि वर म्हणाला, तुमचे वडील काय करतात? वडील सदरच्या मंगळवारी बाजारात भाजीचा ठेला लावतात, तसं तिने सांगितलं. घरी येऊन तिने दुसऱ्या दवाखान्याचा अर्ज माझ्यासमोर उघडला. फोटो पन्नास केबीच्या आत बसत नव्हता, तो छोटा करण्यात आमचा बाकीचा वेळ गेला.